लुनातून आलेला फोन

"सर, साइट बंद आहे. पण तिथून फोन आलाय," मी म्हणाले.

गोखले सर डबा खात होते. "बंद साइटचा फोन येत नसतो, पवार. नीट बघा."

मी नीट बघितलं. स्क्रीनवर एकच शब्द होता, लुना. त्याच्यापुढे पत्त्याचा रकाना रिकामा आणि त्यापुढे लाल अक्षरांत 'बंद'. माझ्या हेडफोनमध्ये मात्र एक म्हातारी बाई विचारत होती, "कुणी आहे का?"

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी वर्ग असतात आणि दुपारी दोन ते आठ मी स्वारगेटजवळ एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कॉल घेते. आमच्या घरात ऑफिसच्या खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिलीच. त्यामुळे सुरुवातीला 'कंट्रोल रूम' हा शब्द ऐकून मला फार मोठं काहीतरी वाटलं होतं. प्रत्यक्षात ती दोन टेबलं आणि एका पंख्याची खोली आहे. एका टेबलावर मी आणि दुसऱ्यावर सुपरवायझर गोखले सर बसतो. ते सगळ्यांना अहोजाहो करतात. रागावले की 'आपण' म्हणतात.

लिफ्टमध्ये घंटेचं चित्र असलेलं जे बटण असतं, त्याच्यामागे फोनचा एक डबा असतो. त्यात सिमकार्ड आणि बॅटरी असते. वीज गेली तरी तो चालतो. बटण दाबलं की फोन थेट आमच्याकडे येतो आणि रजिस्टरमधलं नाव स्क्रीनवर दिसतं.

लुना हे नाव मी आधीही पाहिलं होतं. मी नोकरीला लागल्यापासून दर तीन दिवसांनी त्या नावाचा फोन यायचा. कुणी बोलायचं नाही. काही सेकंदांत तो आपोआप बंद व्हायचा. कॉल संपला की सिस्टिम तीन पर्याय देते: सुटका, तक्रार, खोटा कॉल. मी 'खोटा कॉल' निवडायची. माझ्याआधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीनेही मला तेच शिकवलं होतं. त्या गुरुवारी पहिल्यांदाच त्या नावामागून माणसाचा आवाज आला.

"कुणी आहे का?"

"आहे, आजी. मी कंट्रोल रूममधून बोलतेय. आपण कुठे आहात?"

"कुणी आहे का?"

"आजी, मी ऐकतेय. बिल्डिंगचं नाव सांगा."

मग त्याच सुरात, तेवढ्याच मोठ्याने, "कुणी आहे का?"

एखादं रेकॉर्डिंग लावावं तसा तो आवाज होता. आणि त्याच्या मागे, खूप लांबून, एक पुरुष बोलत होता. "हॅलो... हॅलो... एक... दोन..." तेवढंच बोलून तो थांबायचा. काही वेळाने पुन्हा एकपासून सुरू करायचा.

मी कॉल स्पीकरवर टाकला. गोखले सर हात न धुताच उठून आले.

"इथे लुना लिहिलंय," बाई म्हणाली. "पितळेचं आहे. अंधार आहे, पण बोटाला लागतंय. एल... यू... एन... ए. लुना. अहो, उशीर झालाय, लुना काढा ना." मग ती हसली. "आमच्या ह्यांच्याकडे होती लुना." आणि फोन कट झाला.

"अंधारात अक्षरं चाचपतेय आणि नवऱ्याशी बोलतेय," मी म्हणाले. माझा आवाज बारीक झाला होता.

"तुम्ही घाबरू नका. भुताचा कॉल असला तरी तो घ्यायचा असतो. फक्त पत्ता विचारायचा." सर माझ्या स्क्रीनकडे वाकले. "आपल्याकडे बंद साइटचं सिम दुसऱ्या लिफ्टमध्ये घालायची थोर परंपरा आहे. रजिस्टर बदलायचं राहून जातं. लुना नावाची चालू साइट शोधा."

मी शोधलं. तीन निघाल्या. एक टॉवर, एक मुलींचं हॉस्टेल आणि एक बंगला. मी घाईत विचारलं, "सर, लुना म्हणजे मोपेडच ना? बिल्डिंगला मोपेडचं नाव का देतात?"

"लुना म्हणजे रोमन लोकांची चंद्राची देवी. रथात बसून रात्रभर आकाशात फिरते. बिल्डरांना तिकडचे देव परवडतात, इकडच्या देवांना वर्गणी द्यावी लागते. आणि आपल्या पुण्यात लुनाचं पेट्रोल संपलं की पॅडल मारायचं. फोन लावा."

हॉस्टेलच्या लिफ्ट चालू होत्या. बंगल्यावर वॉचमनने फोन घेतला. "लुना? लुना इथंच बसलीय मॅडम, बिस्कीट खातीय." कुत्रीचं नाव निघालं. आमच्याच कुणा मेकॅनिकने इतरांना सावध करायला ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं होतं. टॉवरवर कुणी फोन उचलेना. तो येरवड्याच्या पुढे आहे. आमचे सर्वांत जुने मेकॅनिक दत्ताकाका त्याच बाजूला काम करत होते. सरांनी त्यांना तिकडे पाठवलं.

तेवढ्यात स्क्रीनवर पुन्हा लुना आली.

"मशीन वर राहिलं माझं," बाई म्हणाली. "वर राहिलं मशीन. चारला या म्हणाले होते."

"म्हणजे लिफ्टचं मशीन वर आहे, हे तिला माहीत आहे," सर म्हणाले. लिफ्टची मोटर गच्चीवरच्या खोलीत असते, तिला आम्ही मशीन म्हणतो. "जाणकार दिसतात बाई."

त्यांच्यामागून तो पुरुष आकडे मोजत होता. एक... दोन... तीन...

मला वाटत होतं की हा सूर मी ओळखते. उत्तराची वाट बघून न मिळाल्यावर माणूस वेगळ्या आवाजात विचारतो. चिडतो तरी, रडतो तरी. ही बाई उत्तराची वाटच बघत नव्हती. असं बोलणारा एक माणूस आमच्या घरात आहे. माझे वडील भोसरीत पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला होते. तिथे दिवसभर लोखंडावर घण पडल्यासारखा आवाज असतो. त्यात त्यांचे कान गेले. संध्याकाळी ते कानातलं यंत्र काढून ठेवतात आणि मग फोनवर असेच बोलतात. एकच वाक्य, एकाच सुरात, कारण पलीकडून काय येतंय ते त्यांना कळतच नाही. आणि काही बोलायला गेलं की सांगतात, "थांब पोरी, मशीन घातलं नाही."

"सर," मी म्हणाले, "मला नक्की नाही सांगता येणार, पण त्या कानाचं मशीन म्हणत असतील. त्यांना ऐकूच येत नाहीये. मशीन दुरुस्तीला वर दुकानात ठेवलंय, चारला परत बोलावलंय."

सरांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे दुकान एक ते चार बंद. मालक घरी झोपलेले. आणि आज गुरुवार."

पुण्यात राहणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. गुरुवारी विजेच्या लाइनीचं काम निघतं आणि एकेका भागातली वीज जाते. त्या बाई मशीन ठेवून खाली येत असताना वीज गेली असणार. बिल्डिंग रिकामी होती. त्या ओरडत असतील तरी ऐकायला कुणी नव्हतं. अंधारात घंटेचं बटण सापडायलाच त्यांना वेळ लागला असणार.

सरांनी अग्निशमन दलाला फोन लावला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, पत्ता काय? सर म्हणाले, "तोच शोधतोय." पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला की सापडला की कळवा.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा सव्वातीन वाजले होते.

"फट दिसतेय," बाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "जाळी सरकतेय. खाली उजेड आहे. पाय खाली सोडून बघते."

सर ओरडले, "नको, नको!" ऐकणारं कुणी नव्हतं.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस सहसा मरत नाही. हवा आत येत असते. मरतो तो स्वतःहून बाहेर पडायला जाणारा. केबिन दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली असते. खालच्या फटीतून उतरायला गेलं की पाय मजल्याला न लागता मोकळ्या खड्ड्यात जातो. आणि माणूस अर्धा बाहेर असताना वीज आली तर काय होतं, ते मी लिहीत नाही. दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून दाराला एक स्विच असतो. जुन्या लिफ्टमध्ये तो सारखा बिघडतो. मग कुणीतरी दोन वायरी जोडून त्याला कायमचं गप्प करून टाकतं.

मला बोलता येत नव्हतं, म्हणजे बोलून उपयोग नव्हता. आणि मला आमच्या घरातला दिवा आठवला. वडिलांनी मशीन काढलेलं असलं की जेवायला बोलवायला आई हाक मारत नाही. खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू करते. ते लगेच मान वर करतात.

"सर, फोन लागला की त्या डब्यावर हिरवा दिवा लागतो ना?"

"लागतो."

"आपण इकडून फोन लावला तर?"

"डबा आपोआप उचलतो. तेव्हाही लागतो." बोलता बोलता त्यांच्याही लक्षात आलं. "लावा. लगेच लावा."

मी कॉल तोडला. बंद साइटच्या त्या नंबरवर मी फोन लावला. तो उचलला गेला. मी तोडला, पुन्हा लावला. प्रत्येक वेळी मधली शांतता फार लांब वाटायची. प्रत्येक वेळी तिकडचा एकेक तुकडा ऐकू यायचा. जाळीची कुरकुर आणि तिचा श्वास. हॅलो, हॅलो, एक, दोन. पुन्हा जाळी. मी तोडत होते आणि लावत होते.

कितव्या वेळी ते आठवत नाही, पण जाळीचा आवाज थांबला.

"हा दिवा..." बाई म्हणाली. "लागतोय. विझतोय." मग हळूच, पहिल्यांदाच वेगळ्या सुरात, "आहे कुणीतरी?"

मी तोडून परत लावला.

"आहात ना? मला काही ऐकू येत नाही हो, मशीन वर आहे. येताय का तुम्ही?"

पुन्हा तोडून लावला.

"बरं. मग मी बसते खाली. तुम्ही तेवढा दिवा लावत राहा. दिवा गेला की मला भीती वाटते."

सरांनी चष्मा काढून पुसला. "लावत राहा," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. दत्ताकाका होते. सरांनी स्पीकर चालू केला.

"साहेब, टावरात कुणी अडकल्यालं नाय. समद्या लिफ्टा बघितल्या. चालू हायत."

मी मध्येच बोलले. असं मध्ये बोलणं मला एरवी जमत नाही. "काका, आजींना पितळेची पाटी हाताला लागली. त्यावर लुना लिहिलंय. टॉवरमध्ये आहे का पितळेची पाटी?"



"टावरात कुठली पितळ?" दत्ताकाका म्हणाले. "लुना म्हंजी आपली जुनी केबिन. जाळीच्या दाराची. मॉडेलचं नाव हुतं ते. पण ती आता कुठंच नाय. शेवटची मीच काढली, भंगारात घातली."

म्हणजे रजिस्टरमध्ये नावाच्या रकान्यात कुणीतरी बिल्डिंगऐवजी लिफ्टचं नाव लिहिलं होतं. ती लिफ्ट भंगारात गेल्यावर साइट बंद केली, पत्ता पुसला. राहिलं ते देवीचं नाव. आणि त्या भंगारात गेलेल्या केबिनमध्ये बसून एक बाई माझ्या हिरव्या दिव्याकडे बघत होती.

"दत्ताराव," सर अगदी हळू म्हणाले, "ती कुठंच नाही हे आपण ठामपणे सांगताय?"

दत्ताकाका नुसते खोकले.

"काका," मी म्हणाले, "मागे एक माणूस सारखा हॅलो, एक, दोन, तीन म्हणतोय. आजींजवळचा नाही, बाहेरचा आहे." आणि ते बोलता बोलताच मला उमगलं. मी जुनी पुस्तकं आणायला बुधवार पेठेत जाते. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत दिवसभर कुणीतरी माईक तपासत असतं. वीज नसली तरी बॅटरीवर तपासतात. "बुधवार पेठेत आहे का एखादी?"

"हाय," दत्ताकाका म्हणाले. "भंगारवाल्यानं एका मालकाला इकली. त्यानं कुणाकडनं तरी बशिवली. मी वायर आणाया गेलो तवा बघितली. म्हणलं, आपल्याला काय करायचं. गल्ली ध्यानात हाय, पर तिथं तीन बिल्डिंगी सारख्याच हायत."

"वर कानाच्या मशीनचं दुकान आहे?"

"हाय की! पाटीवर ह्यो एवढा कान काढलाय."

"दाराचा स्विच?" सरांनी विचारलं.

"त्यो जोडल्यालाच असणार, साहेब. निघालोच मी. लाइट कवा येणार?"

"साडेचार म्हणतात. म्हणजे कधीही."

सरांनी अग्निशमन दलाला गल्ली आणि कानाची पाटी सांगितली. मी दिवा लावत राहिले. आजी आता गप्प होत्या. मधूनच बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "माझ्या आधीही कुणी अडकलं होतं वाटतं. इथे जाळीपाशी भिंतीवर नखानं ओरखडलंय. बोटाला लागतंय." मला वाटलं, आजी आता भ्रमात बोलतायत. मी फोन तोडून परत लावला.

चार वाजून काही मिनिटांनी हेडफोनमध्ये एक धातूचा ठोका आला. मग दत्ताकाकांचा आवाज, खालून आल्यासारखा. "मेन स्विच बंद केलाय! आता लाइट आली तरी हलत नाय!"

आजींना अर्थातच तो ऐकू आला नाही. त्या म्हणाल्या, "दिवा चालू आहे अजून."

गल्लीत गाडी शिरेना म्हणून पायी निघालेले अग्निशमन दलाचे लोकही तेवढ्यात पोचले. त्यांनी केबिन हाताने मजल्याच्या पातळीला आणली आणि आजींना बाहेर काढलं. दत्ताकाकांनी नंतर सांगितलं की जाळी वीतभर उघडी होती आणि आजींची एक चप्पल खाली खड्ड्यात पडलेली होती. त्या दिवा बघून मागे सरल्या, तेव्हाच ती पायातून निसटली असणार. वीज चार-वीसला आली. त्याच सुमाराला वरच्या दुकानदाराने कुलूप उघडलं आणि एवढी गर्दी का म्हणून विचारलं. आजींनी आधी मशीन घेतलं, कानात घातलं, आणि मग दत्ताकाकांना म्हणाल्या, "तो दिवा कोण लावत होतं? त्यांना सांगा, दिसला मला."

ती लिफ्ट त्याच दिवशी सील झाली. गोखले सरांनी दत्ताकाकांना समोर बसवून एवढंच विचारलं, "आपल्याला काय करायचं, असं आपण म्हणालात ना? आता कळलं काय करायचं?" दत्ताकाका दोन दिवस डबा खायला आमच्या खोलीत आले नाहीत.

दर तीन दिवसांनी येणाऱ्या त्या मुक्या फोनचं कारणही सरांनी सांगितलं. लिफ्टचा डबा ठरावीक दिवसांनी स्वतःहून कंट्रोल रूमला फोन करतो. मी चालू आहे, एवढंच कळवायला. चालू साइटचा असा फोन सिस्टिम स्वतःच बंद करते. बंद साइटचा मात्र माणसापर्यंत येतो. भंगारात काढलेली ती लिफ्ट दर तीन दिवसांनी सांगत होती, मी आहे. आणि मी लिहीत होते, खोटं.

ते माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी लुनाचे जुने कॉल काढून बघितले. सगळे काही सेकंदांचे होते. एक सोडून. तो मार्चमधला होता आणि दोन मिनिटांहून जास्त चालला होता. त्याच्यापुढे माझं नाव आणि 'खोटा कॉल'. त्या दुपारी मी एका हाताने परीक्षेच्या नोट्स काढत होते, हेडफोन गळ्यात होता, हे मला आठवलं. मी रेकॉर्डिंग लावलं. लांबवर तोच माणूस मोजत होता. एक... दोन... तीन... आणि जवळ, अगदी जवळ, भिंतीवर काहीतरी घासत होतं. न थांबता. शेवटपर्यंत.

मी ते गोखले सरांना ऐकवलं. दत्ताकाकांनाही ऐकवलं. ते कोण होतं, कसं बाहेर पडलं, ते कुणालाच माहीत नाही. गल्लीत चौकशी केली, कुणाला आठवत नव्हतं. "पडलं आसंल भाईर," दत्ताकाका म्हणाले. "काय वाईट झालं असतं तर कळलं असतं." कळलं असतं का, ते मला माहीत नाही.

मी सरांना विनंती केली आणि त्यांनी सिस्टिममध्ये चौथा पर्याय घालून घेतला. आता कुणी बोललं नाही तर मी 'खोटा कॉल' निवडत नाही. 'मला ऐकू आलं नाही' हा पर्याय निवडते, आणि निवडण्याआधी त्या नंबरवर एकदा परत फोन लावते. बहुतेक वेळा तिकडे कुणीच नसतं. पण तेवढ्यापुरता तिथला दिवा लागतो.